कावीळ आणि तिच्या खुणा



कावीळ हा शब्द ऐकला की आपल्यापुढे पहिल्याने रंग उभा राहतो. डोळे पिवळे, नखे पिवळी, लघवी पिवळी. ज्याला कावीळ झाली त्याला सारे जगच पिवळे दिसते, असे आपण दुसऱ्याचे दोष काढणाऱ्याबद्दल म्हणतो, तेही या रंगावरूनच. परंतु या रोगाच्या कुळातील जो सर्वांत घातक प्रकार आहे, तो बहुधा रंग दाखवीतच नाही. तो माणसाच्या यकृतात वीस-तीस वर्षे मुक्काम करतो. माणूस शेती करतो, लग्न करतो, लेकरे वाढवितो, आणि त्याच्या रक्तात काय चालले आहे याची गंधवार्ताही कोणाला नसते. त्या प्रकाराला 'ब' कावीळ किंवा हिपॅटायटिस बी म्हणतात. आज मला या रोगाचा इतिहास सांगावयाचा आहे.

हा विषय मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळांत शोभावा, तो लाखांदुरात कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली जगात सुमारे २५ कोटी ४० लक्ष माणसांच्या शरीरात हा विषाणू कायमचा वस्तीला होता, आणि त्यांतील जवळजवळ तीन कोटी माणसे एकट्या भारतात होती. त्या एका वर्षात या रोगाने जगभर सुमारे ११ लक्ष मृत्यू झाले. तीन कोटी हा आकडा केवळ शहरांतून भरत नाही. तो गावागावांतून भरतो, आणि त्यातील बहुतेकांना आपण त्या आकड्यात आहोत हे ठाऊक नसते.

या रोगाचा इतिहास मला खुणांच्या क्रमाने सांगावासा वाटतो. कारण वैद्यकाचा पुष्कळसा इतिहास म्हणजे रोग ओळखण्याची खूण कशी बदलत गेली याचाच इतिहास असतो. काविळीच्या बाबतीत पहिली खूण रंगाची होती, दुसरी सुईची, तिसरी एका पांढऱ्या रेघेची, आणि चौथी खूण अलीकडची आहे. ती रोगावर नसून रोगाशी लढणाऱ्या पेशीच्या अंगावर आहे.

रंगाची खूण

रंगाची खूण फार जुनी. अथर्ववेदाच्या पहिल्याच कांडात काविळीवरचे एक सूक्त आहे. त्यात रोग्याच्या अंगावरील पिवळेपणा काढून पोपटांच्या आणि पिवळ्या पक्ष्यांच्या ठायी ठेवावा, अशी भावना आहे. पिवळा रंग जिथे शोभतो तिथे तो जावा, ही कल्पना मोठी काव्यमय खरी. पण तिच्यात एक निदानही दडलेले आहे. रंग म्हणजेच रोग. रंग गेला म्हणजे रोग गेला.

पुढे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पांडुरोगाच्या अध्यायात कामलेचा विचार आला. तेथे रंगाबरोबर मलाचा रंग, भूक, दाह, अशी इतर लक्षणेही तपासली आहेत. मला विशेष वाटते ते असे की, पुष्कळ दिवस शरीरात मुरलेल्या, कष्टसाध्य अशा काविळीला त्या आचार्यांनी कुंभकामला असे वेगळे नाव दिले. विषाणू त्यांना ठाऊक नव्हता. परंतु येऊन जाणारी कावीळ आणि घर करून राहणारी कावीळ या दोन गोष्टी एक नव्हेत, एवढे त्यांनी निरीक्षणाने हेरले होते.

लोकव्यवहारात मात्र रंगाचीच सत्ता चालली. आजही आपल्या भागात काविळीची माळ घालतात. गळ्यात घातलेली वनस्पतीच्या काड्यांची माळ दिवसेंदिवस लांब होत जाते, आणि ती जसजशी उतरते तसतशी कावीळ उतरते अशी समजूत आहे. कोणी कावीळ धुऊन काढतात आणि परातीतील पाणी पिवळे झालेले दाखवितात. ही मंडळी सारीच लबाड असतात असे मी म्हणणार नाही. त्यांना अनुभव येतो तो खराच असतो. कारण दूषित पाण्यातून येणारी जी कावीळ, म्हणजे 'अ' आणि 'ई' प्रकारची, ती बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच बरी होते. माळ घातली तरी बरी होते आणि न घातली तरी बरी होते. श्रेय मात्र माळेला मिळते. गरोदर बाईला 'ई' कावीळ झाली तर ती जिवावर बेतू शकते, आणि तेव्हा माळेच्या भरवशावर गेलेला वेळ परत मिळत नाही, हे येथे सांगून ठेवतो.

युरोपातील विद्वानही रंगापुढे फारसे गेले नव्हते. १८६५ साली जर्मनीतील थोर विकृतिशास्त्रज्ञ व्हिर्शो यांनी असे मत मांडले की, पित्ताच्या नळीच्या तोंडाशी श्लेष्म्याचा बोळा अडकतो, पित्त तुंबते आणि माणूस पिवळा होतो. हे मत पुढे पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांतून टिकून होते.

सुईची खूण

या मताला पहिला धक्का जर्मनीतच बसला. १८८३ साली ब्रेमेन येथील जहाजांच्या कारखान्यात १,२८९ कामगारांना देवीची लस टोचली. त्या काळी ही लस माणसाच्या फोडातील लशीपासूनही करीत. पुढील काही महिन्यांत त्यांतील १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यात ज्यांना दुसरी लस टोचली होती किंवा जे मागाहून कामाला लागले होते, ते सुखरूप राहिले. ल्युरमान नावाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने १८८५ साली हा वृत्तांत प्रसिद्ध केला. अन्न एक, पाणी एक, हवा एक. फरक फक्त टोचण्याचा. काविळीचा एक प्रकार माणसाच्या रक्तातून माणसाच्या रक्तात जातो, याची ती पहिली स्पष्ट खूण होती.

दुसरा प्रसंग याहून फार मोठा. १९४२ साली अमेरिकेच्या सैन्यात पीतज्वराची लस टोचण्यात आली. ती टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातील द्रव मिसळला होता. त्या एका वर्षात सुमारे ५० हजार सैनिकांना कावीळ झाली. पुढे चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी, तोवर म्हातारे झालेल्या त्या सैनिकांचे रक्त तपासले, तेव्हा ती 'ब' कावीळच होती हे सिद्ध झाले, आणि लागण सुमारे ३ लक्ष ३० हजारांना झाली असावी असा हिशेब निघाला. म्हणजे ज्यांचे डोळे पिवळे झाले त्यांच्या कित्येक पट माणसांना रोग लागला होता, पण रंग दिसला नव्हता. आणखी एक गोष्ट त्या तपासणीत दिसून आली, ती नीट ध्यानात ठेवावी. त्या लाखो जवानांत विषाणू जन्मभर वागविणारे अगदी विरळा निघाले. धडधाकट तरुणाच्या शरीराने शत्रूला हुसकून लावले होते. ते कसे, याचा उलगडा पुढे येईल.

१९४७ साली मॅककॅलम या ब्रिटिश डॉक्टरांनी या दोन कुळांना 'अ' आणि 'ब' अशी नावे सुचविली. 'अ' तोंडावाटे येणारी, 'ब' रक्तावाटे येणारी. नंतर न्यूयॉर्कच्या विलोब्रुक या मतिमंद मुलांच्या संस्थेत डॉ. क्रुगमन यांनी दोन्ही प्रकार वेगळे असल्याचे प्रयोगाने दाखविले. त्यासाठी त्यांनी त्या असहाय मुलांना रोग टोचून पाहिला. ज्ञान मिळाले, पण ज्या मार्गाने मिळाले त्याला आज कोणीही योग्य म्हणणार नाही.

आपल्या देशातही पाण्याची कावीळ मोठी धुमाकूळ घालीत होती. १९५५-५६ च्या हिवाळ्यात यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले आणि दिल्लीत २९ हजारांवर माणसे पिवळी पडली. पुण्यास १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले होते. त्याचेच १९७८ साली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था असे नामकरण झाले. या संस्थेने १९८१ सालच्या कोल्हापूरच्या साथीचाही अभ्यास केला. अशा साथी 'अ'च्याही नव्हेत आणि 'ब'च्याही नव्हेत, तर तिसऱ्याच विषाणूच्या आहेत, असे निष्पन्न झाले. तो 'ई' विषाणू. वैनगंगा आणि चुलबंद यांना पूर आला, विहिरी गढूळ झाल्या, की आपल्याकडे जी भीती असते ती या पाण्याच्या काविळीची. 'ब' कावीळ पाण्याने येत नाही, पुराने येत नाही, एका ताटात जेवल्याने येत नाही. ती रक्ताने येते, सुईने येते, शरीरसंबंधाने येते, आणि सर्वांत अधिक दुःखाची गोष्ट म्हणजे प्रसूतीच्या वेळी आईकडून लेकराला येते.

पांढऱ्या रेघेची खूण

तिसरी खूण सापडली ती काविळीचा शोध घेणाऱ्याला नव्हे. अमेरिकेतील डॉ. बारूक ब्लुम्बर्ग हे निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तात कोणते फरक असतात याचा अभ्यास करीत होते. ज्यांना वारंवार दुसऱ्याचे रक्त द्यावे लागते, अशा रोग्यांच्या रक्तात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. ती हाताशी धरून त्यांनी जगभरचे रक्ताचे नमुने पारखावयास घेतले. पद्धत साधी होती. मऊ जेलीच्या थरात दोन खळगे करावयाचे, एकात एक रक्तद्रव, दुसऱ्यात दुसरा. दोघे सरकत सरकत मध्यावर भेटतात, आणि त्यांचे एकमेकांशी वैर असेल तर तेथे पांढरी रेघ उमटते. १९६३ साली न्यूयॉर्कच्या एका रक्तस्रावी रोग्याचे रक्त आणि ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीचे रक्त यांच्या मध्ये अशी रेघ उमटली. त्या अनोळखी पदार्थाला ऑस्ट्रेलिया प्रतिजन असे नाव पडले आणि १९६५ साली तो वृत्तांत छापून आला. हा पदार्थ म्हणजे 'ब' काविळीच्या विषाणूचे वरचे कवच, हे पुढील दोन-तीन वर्षांत कळून चुकले. १९७० साली लंडनमध्ये डेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून अखंड विषाणू पाहिला, आणि १९७६ साली ब्लुम्बर्ग यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा जन्मदिवस २८ जुलै, म्हणून तो दिवस जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळतात.

या रेघेने दोन मोठी कामे केली. एक म्हणजे रक्तपेढीत येणारे रक्त तपासता येऊ लागले. आपल्या विदर्भाला याचे महत्त्व विशेष आहे. १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी या भागातील सिकलसेल आजाराची नोंद 'लॅन्सेट' या प्रसिद्ध पत्रात केली. त्या आजाराच्या लेकरांना रक्त द्यावे लागते, आणि प्रत्येक बाटली म्हणजे पूर्वी एक जुगारच होता. आता प्रत्येक बाटलीची तपासणी सक्तीची आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देण्यास देशात बंदी आहे.

दुसरे काम लशीचे. हा विषाणू यकृतात वाढताना आपल्या पूर्ण कणांच्या हजारो पट अधिक अशी रिकामी कवचे रक्तात सोडतो. ब्लुम्बर्ग यांना दिसली ती मुख्यतः ही रिकामी कवचेच. त्यांत रोग करण्याची शक्ती नसते. तीच वाहकांच्या रक्तातून गाळून, शुद्ध करून १९८१ साली अमेरिकेत पहिली लस निघाली. १९८६ साली तेच कवच यीस्टच्या पेशींकडून तयार करवून घेण्यात यश आले, आणि माणसाच्या रक्ताची गरजच राहिली नाही. परदेशातून येणारी ही लस आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्स या कंपनीने स्वदेशी लस बाजारात आणली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनेही ती मोठ्या प्रमाणावर बनविली. २००२ पासून काही ठिकाणी प्रयोग म्हणून, २००७-०८ मध्ये दहा राज्यांत आणि २०११ पासून सर्व देशात ही लस सरकारी लसीकरणात मोफत मिळू लागली.

राखणदार पेशी

आता मी चौथ्या खुणेकडे वळतो. तिच्यासाठी आधी राखणदारांची ओळख करून घेतली पाहिजे.

शरीराचे रक्षण पेशी करतात, ही कल्पना रशियन शास्त्रज्ञ मेचनिकोव्ह यांची. १८८२ साली मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक पिल्लाला काटा टोचला आणि काट्याभोवती पेशींचा घेराव पडलेला पाहिला. या मेचनिकोव्ह यांचा एक विद्यार्थी आपल्या मुंबईला चांगला ठाऊक आहे. तो म्हणजे वाल्डेमार हाफकिन. १८९६ च्या प्लेगात ते मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची संस्था १९२५ पासून त्यांचेच नाव चालवीत आली आहे.

राखणदार पेशींतही अनेक जाती आहेत. त्यांपैकी छातीतील थायमस नावाच्या ग्रंथीत ज्यांची घडण होते त्यांना टी-पेशी म्हणतात. त्यांतील काही पेशींचे काम असे की, विषाणू ज्या पेशीत शिरला असेल ती पेशी हुडकून तिचा नाश करावयाचा. 'ब' काविळीचा विषाणू स्वतः यकृताची पेशी सहसा मारीत नाही. तो आत शिरतो, वाढतो आणि बाहेर पडतो. पेशी मरते ती राखणदाराच्या हातून. तेव्हा तरुण माणसाला 'ब' कावीळ होऊन त्याचे डोळे पिवळे होतात, ते त्याच्या यकृतात लढाई जुंपल्यामुळे. रंग ही रोगाची खूण नसून लढाईची खूण आहे. जिथे लढाई नाही तिथे रंग नाही. १९४२ च्या त्या जवानांचे कोडे येथे सुटते. त्यांचे राखणदार लढले आणि जिंकले.

तान्ह्या बाळाचे तसे होत नाही. जन्मतःच आईकडून विषाणू आला तर सुमारे १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा राहतो. मोठ्या धडधाकट माणसांत हेच प्रमाण १०० मध्ये पाचाहून कमी असते. बाळ पिवळे पडत नाही, कण्हत नाही, दूध पिते, वाढते. कोणी माळ घालीत नाही, कारण माळ घालण्याजोगे काही दिसतच नाही. आणि तिशी-चाळिशीत एखाद्या दिवशी पोटात पाणी होते, किंवा यकृताचा कर्करोग निघतो. इतकी वर्षे राखणदार करीत काय होते? हाच प्रश्न शास्त्रज्ञांना पडला.

थकव्याच्या खुणा

या प्रश्नाचे उत्तर उंदरांवरच्या प्रयोगांतून आले. १९९३ साली स्वित्झर्लंडमधील झुरिच येथे झिंकरनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना एक विशिष्ट विषाणू मोठ्या मात्रेने टोचला. थोड्या मात्रेत टोचला असता उंदीर तो परतवून लावीत; पण मोठ्या मात्रेत विषाणू सर्वत्र पसरला, आणि त्याच्याशी लढणाऱ्या टी-पेशी प्रथम भराभर वाढून मग नाहीशा झाल्या. त्यांनी याला पेशींचे थकणे असे म्हटले. १९९८ साली रफी अहमद यांच्या प्रयोगशाळेने पुढचे पाऊल टाकले. हे गृहस्थ मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठात शिकलेले, आणि अमेरिकेत अटलांटा येथे संशोधन करणारे. त्यांना असे आढळले की, सगळ्याच पेशी नाहीशा होत नाहीत. काही जागेवरच असतात, शत्रूला ओळखतातही. पण हात उचलीत नाहीत.

आपल्या भागातील शेतकऱ्याला ही स्थिती समजावून सांगावी लागणार नाही. धान निसवू लागले की रानडुकरांची धाड येते, आणि रात्रीची राखण करावी लागते. पहिल्या चार रात्री माणूस मचाणावर डोळ्यांत तेल घालून बसतो, डबे वाजवितो, आरोळ्या देतो. पण कळप रोज येऊ लागला, रात्रभर येऊ लागला, आणि महिना-महिना हाच क्रम चालला, तर तोच माणूस मचाणावर असतो, डुकरे त्याला दिसतातही, परंतु घशातून आवाज निघत नाही. तो घाबरट नाही, आळशी नाही, फितूर तर नाहीच नाही. तो शिणला आहे. जन्मल्याबरोबर ज्या बाळाच्या रक्तात अब्जावधी कवचे आली, त्याच्या राखणदारांची गत अशीच काहीशी होते. त्यांतील पुष्कळांना तर नीट उभे राहण्याआधीच शत्रूची सवय लागलेली असते.

थकलेला राखणदार ओळखावयाचा कसा? येथे चौथी खूण येते. १९९२ साली जपानमधील क्योटो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत पेशीच्या मरणाचा शोध घेताना एक नवे प्रथिन सापडले. त्याला पीडी-१ असे नाव दिले. त्याचा अर्थ ठरलेले मरण. पुढे कळले की हे प्रथिन मरणाचे नव्हे, लगामाचे आहे. पेशीच्या अंगावर ते असते, आणि समोरून त्याला जोडीदार मिळाला की पेशी आवरते. नाव चुकले, पण रूढ झाले ते झालेच. २००६ साली रफी अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, उंदरांतील थकलेल्या टी-पेशींवर हा पीडी-१ भरपूर असतो, आणि हा लगाम अडविला तर त्या पेशी पुन्हा कामाला लागतात. लगेच २००७ साली इटलीतील पार्मा येथील संशोधकांनी दीर्घकाळच्या 'ब' काविळीच्या माणसांच्या रक्तात आणि यकृतात तोच प्रकार पाहिला. जेथे विषाणू अधिक, तेथे थकवा अधिक.

पुढे आणखी खुणा सापडल्या. टिम-३, लॅग-३, सीटीएलए-४ अशी त्यांची नावे आहेत. २०१९ साली पेशीच्या केंद्रकात टॉक्स नावाचे प्रथिन सापडले. ते जणू थकव्याचा हुकूम आतून सोडते. या खुणा पाहण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. प्रत्येक खुणेला चिकटणारे वेगवेगळ्या रंगाचे चमकणारे द्रव्य पेशींवर टाकतात, आणि एकेक पेशी लेसरच्या प्रकाशापुढून जाऊ देतात. कोणता रंग चमकला यावरून कोणत्या पेशीवर कोणती खूण आहे ते यंत्र मोजते. वेदकाळापासून आपण काविळीचा रंग पाहत आलो. आजही रंगच पाहतो, पण तो राखणदाराच्या अंगावरचा.

येथे दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे जरूर आहे. पहिली ही की, पीडी-१ दिसला म्हणजे पेशी थकलीच, असे नाही. नुकतीच लढाईला निघालेली ताजी पेशीसुद्धा काही काळ हा लगाम अंगावर वागविते. म्हणून एका खुणेवर निवाडा करता येत नाही. अनेक खुणा एकत्र असणे आणि पेशीचे कामही मंदावलेले असणे, या दोन्ही गोष्टी पाहाव्या लागतात. दुसरी गोष्ट अशी की, हा थकवा केवळ दोष नव्हे. सगळे राखणदार एकदम खवळून उठले आणि विषाणू शिरलेल्या प्रत्येक पेशीवर तुटून पडले, तर यकृतच उरणार नाही. निसर्गाने लगाम ठेवला तो जीव वाचविण्यासाठी. म्हणूनच लगाम काढणारे औषध द्यावयाचे तर फार जपून द्यावे लागते.

होंजो आणि अमेरिकेचे ॲलिसन यांना २०१८ साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते कर्करोगाच्या उपचारात हे लगाम अडविण्याच्या कल्पनेबद्दल. यकृताच्या कर्करोगावरही २०१७ पासून अशी औषधे वापरात आहेत. 'ब' काविळीवर हा उपाय अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे. २०१९ साली न्यूझीलंडमधील संशोधकांनी थोड्या रोग्यांना असे औषध अल्प मात्रेत देऊन पाहिले. त्यांपैकी एकाच्या रक्तातून ते ऑस्ट्रेलिया प्रतिजन पार नाहीसे झाले. एक हा आकडा लहान आहे, पण शून्य नव्हे. सध्याच्या गोळ्या विषाणूची वाढ दाबून ठेवतात, यकृत वाचवितात. परंतु विषाणूचे मूळ यकृतपेशीच्या केंद्रकात दडून बसते आणि तेथवर त्यांचा हात पोहोचत नाही. म्हणून गोळ्या बहुधा वर्षानुवर्षे घ्याव्या लागतात.

आपले काम

श्रोतेहो, एवढा इतिहास ऐकून लाखांदूरच्या माणसाने घरी काय न्यावे? माझ्या मते तीन गोष्टी.

पहिली गोष्ट बाळाची. एकदा राखणदार थकले की त्यांना उठविणे किती अवघड, हे आपण पाहिले. न थकू देणे मात्र सोपे आहे. ज्या कवचाच्या अमाप भाराने राखणदार थकतो, त्याच कवचाची चिमूटभर मात्रा लशीतून वेळेवर मिळाली तर तो सावध होतो. वेळ महत्त्वाची. जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली मात्रा, आणि मग सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्याला पुढच्या. उद्या देऊ, बारशानंतर देऊ, असे म्हटले तर विषाणू तोवर घरात शिरलेला असतो. गरोदरपणीच आईचे रक्त तपासून घ्यावे; ती वाहक निघाली तर तिला व बाळाला आणखी उपाय देता येतात. ही सोय सरकारी दवाखान्यांत आहे. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे दोन्ही मोफत आहेत.

दुसरी गोष्ट सुईची. ब्रेमेनची गोष्ट १८८३ ची असली तरी ती जुनी झालेली नाही. २००९ साली आपल्या शेजारच्या गुजरातेत मोडासा येथे वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने 'ब' काविळीची साथ आली आणि अनेक माणसे दगावली. साध्या तापाला सुई मागण्याची आपली सवय सोडावी; घ्यावीच लागली तर नवी सुई आपल्या डोळ्यांदेखत फोडून घ्यावी. न्हाव्याचा वस्तरा आणि जत्रेतील गोंदणाची सुई यांनाही हाच नियम.

तिसरी गोष्ट माणसाची. ज्याच्या रक्तात हा विषाणू निघतो त्याच्याकडे आपण कसे पाहतो? ठरलेले लग्न मोडते, भांडे वेगळे ठेवतात, चारित्र्यावर शंका घेतात. त्या माणसाला तो विषाणू बहुधा बालपणी, काही कळावयाच्या आत मिळालेला असतो. त्याच्या राखणदारांनी पाठ दाखविली नाही. त्यांच्यावर त्यांच्या शक्तीबाहेरची जागल पडली. भांड्यातून हा रोग जात नाही, मिठीतून जात नाही. ज्याच्याशी लग्न ठरले त्याला लस टोचली तर लग्नालाही अडचण नाही. अशा माणसाने दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करावी, दारू टाळावी, डॉक्टर सांगतील तेव्हाच गोळ्या घ्याव्यात, आणि कामाधामाला लागावे. त्याच्या घरच्यांनी स्वतःचे रक्त तपासून घ्यावे, आणि ज्यांना लागण नाही त्यांनी लस घ्यावी.

अथर्ववेदातील ऋषीला रोग्याचा पिवळेपणा पक्ष्यांकडे धाडावासा वाटला. त्या इच्छेत करुणा होती, आणि ती आजही आपल्याला हवी आहे. परंतु ज्या काविळीला रंगच नाही, ती कोणत्या पक्ष्याकडे धाडणार? ती शोधावी लागते, आणि शोधण्याची खूण आता जवळच्या आरोग्य केंद्रात रक्ताच्या एका थेंबात मिळते. येथे जमलेल्यांपैकी ज्यांच्या घरी येत्या पावसाळ्यात बाळंतपण आहे, त्यांनी त्या सुनेची, त्या लेकीची ही तपासणी झाली आहे की नाही, एवढे आज घरी गेल्यावर विचारावे. माझ्या व्याख्यानाचा तेवढा उपयोग झाला तरी मी समाधानी आहे.